मृत्यूच्या दाखल्यावरचं कारण नीट लिहा

संपादक साहेब, नमस्कार,

मागच्या वर्षी माझे वडील गेले, वीस वर्षं शुगर होती, पायाला गँगरीन झालं, इन्फेक्शन रक्तात पसरलं आणि हॉस्पिटलच्या फॉर्मवर कारण काय लिहिलं तर फक्त 'हृदय बंद पडल्याने'. अहो, हृदय तर प्रत्येकाचंच बंद पडतं ना शेवटी! तो फॉर्म नंबर 4 असतो, त्यात वरच्या ओळीत शेवटचं कारण आणि खाली क्रमाने ते कशामुळे झालं ते लिहायचं असतं, म्हणजे मूळ आजार सगळ्यात खाली, आणि आकडेवारीत तोच धरतात. त्यावरून आयसीडी कोड लागतो. ही जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी, जगभर तीच चालते. आयसीडी 10 मध्ये टाइप 2 डायबेटीसला ई 11 आहे, गँगरीन झालं तर ई 11.5, आणि नुसतं हृदय बंद पडलं तर आय 46, ज्यातून काहीच कळत नाही. म्हणजे माझे वडील सरकारच्या हिशोबात शुगरने गेलेच नाहीत, आणि असे किती असतील? मग डायबेटीससाठी औषधं, डॉक्टर किती लागतात ते ठरवणार कशावरून?

आयसीडी 11 तर 1 जानेवारी 2022 पासून लागू झालंय, पण नवीन कोड आणून काय करायचं जर डॉक्टरच मूळ आजार लिहीत नसतील तर. रात्रपाळीतल्या शिकाऊ डॉक्टरांवर हा फॉर्म सोडू नका, त्यांना आधी नीट शिकवा ही कळकळीची विनंती.

- एक वाचक, सातारा