अपघातानंतरचे पहिले दोन तास : गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : दारू पिऊन वाहन चालवण्याच्या गुन्ह्यांत मराठवाड्यातील तालुक्यांच्या ठिकाणी श्वासाची व रक्ताची तपासणी वेळेत होण्याबाबत.

महोदय,

मी अंबाजोगाई येथे वकिली करतो आणि माझ्याकडील बहुतेक कामे मोटार अपघाताच्या दाव्यांची असतात. एखादा भीषण अपघात घडला आणि चालक दारूच्या नशेत होता अशी बातमी आली, की शिक्षा वाढवण्याची मागणी सुरू होते व शासनाकडूनही कठोर कारवाईची ग्वाही दिली जाते. त्या मागणीमागचा संताप मला समजतो. परंतु मी ज्या न्यायालयांत काम करतो, तिथे असे आरोपी नशेच्या आरोपातून सुटताना मी पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी कारण एकच होते : चालक प्यालेला होता हे कायद्याला चालेल अशा पुराव्याने सिद्ध झाले नाही.

शिक्षेची तरतूद कायद्यात आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना वाहन चालवणे हा गुन्हा असून, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. त्यात कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत, आणि चालकाला परिणामाची जाणीव होती असे दिसल्यास कलम १०५ खाली दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

ही जाणीव कशावरून धरायची, याचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात केला आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर पहाटेच्या वेळी एक मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गेली आणि सात जणांचा मृत्यू झाला. सत्र न्यायालयाने केवळ निष्काळजीपणा मानून सहा महिन्यांची शिक्षा दिली होती; उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचे कलम लावून ती तीन वर्षांची केली आणि ॲलिस्टर परेरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ती कायम केली. त्या संपूर्ण निकालाला आधार देणाऱ्या गोष्टींत एक साधा कागद होता : आरोपीच्या रक्तात ०.११२ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरमागे ११२ मिलिग्रॅम अल्कोहोल असल्याचा अहवाल. रक्त वेळेत घेतले गेले होते, म्हणून तो आकडा न्यायालयासमोर येऊ शकला.

आता आमच्याकडची स्थिती पाहा. माझ्याकडे एका शेतमजुराच्या मृत्यूच्या दाव्याची संचिका आहे. रात्री साडेनऊच्या सुमारास एका पिकअपने त्याच्या मोटारसायकलला धडक दिली, आणि तासाभरात चालकाला पोलिसांची यादी (तपासणीचे विनंतीपत्र) देऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात नेण्यात आले. वैद्यकीय अधिकाऱ्याने छापील नमुन्यात नोंद केली आहे : ‘श्वासास दारूचा वास येतो. बोलणे सुसंगत. चाल स्थिर. दारूचे सेवन केले आहे, परंतु अंमलाखाली नाही.’ रक्त घेतले नाही, कारण त्यासाठी लागणारी कुपी रात्री उपलब्ध नव्हती. रक्त घेतले गेले दुसऱ्या दिवशी दुपारी, दुसऱ्या रुग्णालयात. कित्येक महिन्यांनी आलेल्या सीए रिपोर्टमध्ये (रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात) एकच ओळ होती : इथाइल अल्कोहोल आढळून आले नाही. मृताच्या आईने मला विचारले, “वास तर सगळ्यायला आला होता ना, वकीलसाहेब?” वास सगळ्यांना आला होता, पण केवळ वासावर कोणाला दोषी धरता येत नाही, आणि तसे धरूही नये. दारूचा वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या ही लक्षणे रक्त किंवा लघवी तपासली नसताना पुरेशी नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच बचूभाई करयानी यांच्या प्रकरणात सांगितले आहे, आणि तो खटलाही महाराष्ट्रातलाच होता.

शरीर अल्कोहोल साधारणपणे १०० मिलिलिटर रक्तामागे ताशी १५ मिलिग्रॅम या वेगाने उतरवते; माणसागणिक हे प्रमाण थोडे कमीजास्त होते. धडकेच्या वेळी ज्याच्या रक्तात ७५ मिलिग्रॅम होते, म्हणजे मर्यादेच्या अडीचपट, तो तीन-चार तासांत मर्यादेच्या आत येतो आणि पहाटेपर्यंत कोरा होतो. म्हणूनच मोटार वाहन अधिनियमाच्या कलम २०२ मध्ये अटकेनंतर दोन तासांच्या आत तपासणी करण्याचे, न केल्यास आरोपीला सोडून देण्याचे बंधन आहे. हे बंधन ज्यांनी घातले त्यांना या पुराव्याचे आयुष्य किती थोडे असते ते नीट माहीत होते.

रक्त वेळेत घेतले तरी ते कसे घेतले यावर पुढचे सारे ठरते. सुई टोचण्यापूर्वी कातडी स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, की अहवालावर पहिला प्रश्न तिथेच उभा राहतो. १९५९ च्या मुंबई दारूबंदी वैद्यकीय तपासणी व रक्त चाचणी नियमांनी अल्कोहोलचा स्पर्श म्हणूनच वर्ज्य केला आहे. कुपीत सोडियम फ्लोराइडसारखे परिरक्षक नसेल आणि ती मे महिन्यात बेचाळीस अंशांच्या उन्हात ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत आठवडाभर पडून राहिली, तर रक्तातले जंतू असलेले अल्कोहोल कमी करू शकतात किंवा नसलेले तयारही करू शकतात. एकदा दोषी सुटतो, एकदा निर्दोष अडकतो. बचाव पक्षाचे वकील या त्रुटींवर बोट ठेवतात ते त्यांचे कर्तव्यच आहे. पुण्यात मे २०२४ मधील कल्याणीनगरच्या अपघातानंतर तर रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. त्या आरोपाचा निवाडा न्यायालय करील, पण नमुन्याच्या प्रवासावर कोणाचे लक्ष असते हा प्रश्न त्या प्रकरणापुरता नाही.

आणखी एक विसंगती आपल्या निदर्शनास आणू इच्छितो. एप्रिल २०२१ मध्ये इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले, की श्वासाची वा रक्ताची चाचणी झालेली नसली तरी विमा कंपनी इतर परिस्थितीवरून चालक दारूच्या अंमलाखाली होता हे सिद्ध करू शकते. निकाल योग्यच आहे, कारण दिवाणी दाव्यात पुराव्याची कसोटी वेगळी असते. परंतु त्यामुळे असे घडू शकते, की मोटारीच्या मोडतोडीची भरपाई चालक नशेत होता म्हणून नाकारली जाईल आणि त्याच रात्री मेलेल्या माणसाच्या खटल्यात कलम १८५ चाचणीअभावी गळून पडेल.

यासाठी नवा कायदा लागत नाही. मोटार वाहन अधिनियमाचे कलम २०३ अपघातानंतर श्वासाची चाचणी घेण्याचा अधिकार गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याला देते, मात्र त्याला वाजवी संशय असला पाहिजे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१ प्रमाणे अटकेतील आरोपीच्या वैद्यकीय तपासणीची विनंती आता कोणत्याही दर्जाचा पोलीस अधिकारी करू शकतो आणि त्या तपासणीत रक्तही येते. आपल्या विभागाने एक परिपत्रक काढून प्रत्येक जीवघेण्या अपघातात चालकाची चाचणी झाली का, कितीला झाली आणि झाली नसल्यास का नाही, याची नोंद ठाणे दैनंदिनीत व दोषारोपपत्रात सक्तीची करावी. संशय नव्हता असे अधिकाऱ्याला वाटले तर तेही त्याने सहीनिशी लिहावे. एकतीस डिसेंबरला शहरांत होणारी नाकाबंदी चांगलीच आहे, पण आमच्याकडची माणसे एरवीच्या रात्री, धुळे-सोलापूर महामार्गावर आणि त्याला मिळणाऱ्या अंधाऱ्या जोडरस्त्यांवर मरतात, आणि तिथल्या ठाण्यांना वेळच्या वेळी तपासून प्रमाणित केलेले ब्रेथ ॲनालायझर हवे आहेत.

सार्वजनिक आरोग्य विभागाशी बोलून प्रत्येक ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयात परिरक्षक घातलेल्या कुप्या, स्पिरिटविरहित बोळे व लाखेच्या सीलचे साहित्य रात्रपाळीच्या टेबलावर ठेवण्याची व्यवस्था व्हावी; त्याचा खर्च नगण्य आहे. न्यायसहायक प्रयोगशाळा मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड येथे आहेत. नमुने तिथपर्यंत थंड पेटीतून ठरलेल्या दिवसांत पोहोचावेत आणि मृत्यूच्या प्रकरणांतील अहवालांना मुदत असावी, एवढे केले तरी मोठा फरक पडेल.

दसऱ्यानंतर गाळप हंगाम सुरू होईल. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर रात्रभर धावतील, तांबड फुटण्याआधी बैलगाड्या रस्त्यावर येतील आणि रस्त्याच्या कडेला ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतील. हे परिपत्रक त्यापूर्वी निघावे आणि कुप्या त्यापूर्वी रुग्णालयांत पोहोचाव्यात, ही आपणास नम्र विनंती आहे.

आपला,
मोटार अपघात दाव्यांचे काम करणारा एक वकील
अंबाजोगाई, जि. बीड