हरळीचा पगार

स्टार्कविल, मिसिसिपी
२ एप्रिल २०२५

तीर्थरूप आबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण, खोली, अभ्यास याचं रविवारी फोनवर बोलणं होतंच, म्हणून ते परत लिहीत नाही. पाडव्याला श्रीखंड झालं, गुढीही उभारली. एवढ्यावर आईने समाधान मानावं.

हे पत्र खरं तर आबांसाठी आहे. "बी.एस्सी. ॲग्री करून पोरगं अमेरिकेत गवत कापतंय," असं काका पारावर बोलले म्हणे. आबा, तुम्ही त्यावर गप्प राहिलात, हेही ताईकडून कळलं. तेव्हा आता नीट सगळं सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी गप्प बसायची वेळ यायची नाही.

आधी कायद्याचं. माझ्या व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. बेसबॉलचं मैदान विद्यापीठाचंच आहे, डुडी नोबल फिल्ड. चोरून-लपून काही नाही, पगार खात्यावर येतो, कर कापून येतो. आणि हे कॉलेजचं मैदान म्हणजे आपल्या गॅदरिंगच्या क्रिकेटचं मैदान नव्हे. १५ एप्रिल २०२३ ला इथे एका सामन्याला १६,४२३ लोक होते. अमेरिकेत कॉलेजच्या आवारातल्या बेसबॉल सामन्याला एवढी गर्दी त्याआधी कधी झाली नव्हती. २०२१ साली इथला संघ देशात पहिला आला. विद्यापीठ १८७८ सालचं, शेतकीसाठीच काढलेलं, आपल्या परभणीसारखंच. मैदानाचं गवत हा इथे शेतकीतलाच विषय आहे आणि माझा प्रबंधही त्यातच आहे.

आता हसू नका. ते गवत म्हणजे हरळी. तुम्ही जन्मभर कुदळीने खणून बांधावर फेकलीत तीच. इथे तिला बर्म्युडा म्हणतात. मैदानावर असते ती संकरित. तिला बी धरत नाही, म्हणून कांड्या लावून नाहीतर तयार गवताच्या गुंडाळ्या आणून ती पसरवतात. टिफवे ४१९ हा तिचा गाजलेला वाण जॉर्जियातल्या टिफ्टनचा, १९६० साली आलेला. जी खोड शेतात तुम्हाला नकोशी, तीच इथे हवीशी: तुडवली तरी मरत नाही, उखडली तरी आडव्या दोरांनी जागा भरून काढते. फरक एवढाच की इथे ती पाऊण-एक इंचावर राखतात. कापायचं यंत्रही वेगळं, रीळाचं. त्याची पाती कात्रीसारखी चालतात. फिरत्या पात्याचं साधं यंत्र एवढं खाली आणलं की शेंडे फाटतात, फाटलेले शेंडे पांढरे पडतात आणि लांबून मैदान आजारी दिसतं.

थंडीत मात्र हरळी झोपते, पिवळी पडते. आणि कॉलेजचा मोसम फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतो. म्हणून दक्षिणेकडच्या मैदानांवर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हरळीच्या डोक्यावर राय नावाचं थंडीत वाढणारं गवत पेरतात. टीव्हीवर हिरवंगार दिसतं ते राय. खरी अडचण वसंतात येते. ऊन वाढलं की हरळीला फुटायचं असतं, पण वर राय सावली धरून बसलेलं असतं. ते वेळेवर हटवलं नाही तर जूनमध्ये उष्णतेने एकदम मरतं आणि खाली हरळी कुपोषित, ठिगळाठिगळांची निघते. हरळीला न दुखवता राय मारणारी तणनाशकं आहेत, पण ती मारायची कधी, हाच सगळा प्रश्न. माझे प्रयोगाचे प्लॉट याच प्रश्नावर आहेत. हे लक्षात ठेवा, शेवटी त्याचं काम आहे.

मैदानाचा बराच खेळ मातीवर होतो. पळणाऱ्याने गाठायचे चार थांबे, म्हणजे बेस, ९०-९० फुटांवर, त्यांच्यामधला पट्टा उघड्या मातीचा. ही माती विकत आणतात: साधारण ६० ते ७० टक्के वाळू, उरलेला गाळ आणि चिकणमाती. स्टार्कविलच्या पूर्वेला काळ्या मातीचा मोठा पट्टा आहे, एके काळी कापसाचा मुलूख. पण ती इथे कुचकामी. पावसात फुगते, उन्हात भेगाळते, चेंडू कुठे उडेल याचा नेम नाही. पावसानंतर तिच्यात चालल्यावर पायाला किती चिकटते हे तुम्हाला सांगायला नको.

आणि आबा, या मातीचं सगळं शास्त्र म्हणजे वाफसा. कोरडी झाली की वरचा थर पावडर होतो, पळणाऱ्याचा पाय सरकतो, वाऱ्याने माती गवतात जाते. ओली राहिली की बुटाच्या खिळ्यांबरोबर ढेकूळ उचकटतं आणि तिथे खड्डा पडतो. नेमकी असली की खिळा आत जातो, बाहेर येतो, मागे फक्त भोक राहतं. तुम्ही मुठीत ढेकूळ दाबून बघता, इथे खिळ्याचं भोक बघतात. ही ओल वरवर शिंपडून येत नाही. आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी देऊन ते खोल मुरवायचं, सकाळी वरचा पाव इंच खिळ्यांच्या फळीने मोकळा करायचा, मग लोखंडी जाळी ओढून सपाट करायचं आणि सामन्याआधी नळीने हलक्या हाताने दोन-तीनदा पाणी मारायचं. वरून भट्टीत भाजलेल्या मातीचे बारीक दाणे पसरतात. पाणी जास्त झालं तर ते शोषतात, ऊन झालं तर हळूहळू सोडतात. पण डबक्यावर पोतीच्या पोती ओतणं हा आळशीपणा आहे. आधी स्पंजने पाणी उचलायचं, मग दाणे टाकायचे. नाहीतर तिथे उंचवटा होतो आणि पुढच्या पावसात त्याच्या कडेला नवं डबकं.

जाळी ओढतानाही एक गोष्ट सांभाळावी लागते. गवताच्या कडेपर्यंत नेली की दर फेरीला चिमूटभर माती गवतात अडकते आणि मोसमभरात तिथे बांध तयार होतो. चेंडू त्याला लागून खेळाडूच्या तोंडावर उडतो, आणि पावसाचं पाणीही बाहेर जाऊ शकत नाही. म्हणून कडेपासून फूटभर आत थांबायचं, सुरुवात-शेवट रोज वेगळ्या जागी करायचा, आणि कडेला साचलेली माती आठवड्याला झाडूने नाहीतर पाण्याच्या धारेने मागे ढकलायची. चालायच्या वेगाने ओढायचं, घाई केली की माती उडून बाहेर जाते.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे माउंड, पिचर चेंडू टाकतो तो उंचवटा. १८ फूट व्यासाचा. वर रबराची २४ बाय ६ इंचांची पट्टी, ती होम प्लेटपेक्षा (फलंदाज उभा राहतो तिथली जमिनीतली पाटी) बरोबर १० इंच उंच आणि प्लेटच्या मागच्या टोकापासून ६० फूट ६ इंचांवर. पट्टीच्या पुढे ६ इंच सपाटी, मग दर फुटाला १ इंच उतार. यात फरक पडला की पिचरचा पाय वेगळ्या उंचीवर पडतो आणि भार खांद्याकोपरावर येतो. प्रत्येक सामन्यात पाय पडतो तिथे खड्डा होतोच. तो भरायची रीत ठरलेली आहे. सुटी माती पूर्ण झाडून काढायची, तळ खरवडायचा, ओला करायचा, मग मळलेल्या कणकेइतपत ओलसर, घट्ट चिकणमाती थराथराने घालून धुमसाने ठोकायची. धुमसाला फडकं गुंडाळायचं, नाहीतर माती त्यालाच चिकटून वर येते. तळ न खरवडता माती टाकली तर दुसऱ्या दिवशी तो तुकडा अख्खा सुटतो. शेवटी पाणी मारून झाकून ठेवायचं, कारण वाळलेला माउंड परत ओलीवर आणायला दिवस जातात.

फक्कीचं एक राहिलं. रेषा मारायला इथे चुनखडकाची भुकटी वापरतात, कळीचा चुना कधीच नाही. तो डोळ्यांत गेला तर डोळा भाजतो, आणि रेषेवर तर खेळाडू पोटावर घसरत येतात. आपल्या शाळेत गुरुजींना सांगा, क्रीडा दिनाला चुना वापरू नका.

आईला विजांची काळजी वाटते. आई, इथे त्याचा नियम पक्का आहे. वीज जवळ आली की खेळ बंद, खेळाडू, पंच, आम्ही, सगळे पक्क्या इमारतीत. डगआउट, म्हणजे खेळाडू बसतात ती मैदानाकडेची जागा, तेसुद्धा चालत नाही, कारण समोरून ते उघडं असतं. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं, मध्ये पुन्हा वाजलं तर घड्याळ पुन्हा शून्यापासून. त्याआधी ताडपत्री टाकून होते. ती १७० बाय १७० फुटांची, मोठ्या नळकांड्यावर गुंडाळलेली. ओढायला पंधरा-वीस माणसं लागतात. वारा असेल तर वाऱ्याकडची कड आधी दाबायची, आणि खाली हवा शिरली तर दोर सोडून द्यायचा, हे पहिल्या दिवशी शिकवतात. पाऊस थांबून ऊन पडलं की ती लगेच काढावी लागते, नाहीतर खाली गवत उकडून निघतं.

फोटोत सगळे काय चघळतात, असं तू विचारलं होतंस. तंबाखू नाही. सूर्यफुलाच्या बिया. हे जरा सविस्तर सांगावं लागेल. आबांना वाटेल तेलाचं सूर्यफूल, पण हे ते नाही. हे खायचं वाण, बी लांबट, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, टरफलासकट खारवून भाजलेलं. मूठभर एका गालात भरतात. जिभेने एक बी दुसऱ्या बाजूला आणतात, दाढेत उभं धरून फोडतात, दाणा खातात आणि टरफल थुंकतात. हात अजिबात लावायचा नाही. हात लावला की तो नवखा समजतात. हे तीन तास चालतं. पिचर, प्रशिक्षक, राखीव पोरं, सगळे. बेसबॉलमध्ये वाट पाहण्याचा वेळ फार, आणि पूर्वी या गालात तंबाखू असायची. आता कॉलेजच्या सरावात आणि सामन्यात तंबाखूला बंदी आहे, म्हणून गाल बियांनी भरतो. उद्यानात कागदाचा कपटा टाकला तर दंड करणारी ही माणसं, डगआउटच्या फरशीवर टरफलांचा घोटाभर थर करून निघून जातात आणि कुणाला काही वाटत नाही. मला अजून कळलेलं नाही. सफाईची रीत मात्र कळली. आधी हवेच्या यंत्राने सगळं कोरडंच उडवून गोळा करायचं, पाणी नंतर. आधी पाणी मारलं तर टरफलं फुगून जमिनीतल्या गटाराच्या जाळीत अडकतात आणि डगआउट तुंबतं. जिथे कृत्रिम गवत आहे तिथे बियांना बंदीच, कारण टरफलं रबराच्या दाण्यांत जाऊन बसतात ती निघत नाहीत. (मी खात नाही. दात ठीक आहेत.)

बाकी सोयी म्हणाल तर जाळीच्या पिंजऱ्यांत, साधारण ७० फूट लांब आणि १४ फूट रुंद, फलंदाज रात्रीसुद्धा सराव करतात. दोन चाकांचं यंत्र चेंडू फेकतं. दोन्ही चाकं सारख्या वेगाने फिरली तर चेंडू सरळ, एक जास्त वेगाने फिरलं की वळतो. जाळीला मूठभर भोक पडलं तरी ते त्याच दिवशी शिवतात. डाव्या बाजूच्या कुंपणामागे लोक १९६० च्या दशकापासून गाड्या लावून, मांस भाजत सामना बघायचे. आता तिथे पक्की बांधलेली बैठक आहे, पण धूर तसाच येतो. मी डाळ-भातच खातो, आई.

आता मुद्द्याचं. ताईच्या लग्नाची वैशाखातली तारीख धरली, फार बरं झालं. स्थळ चांगलं आहे, मुलगा शांत वाटतो, मला आवडला. पण मला येणं जमेल असं दिसत नाही. राय हटवायचं आणि हरळी किती भरली याचं मोजमाप नेमकं मे महिन्यातच असतं, तो महिना चुकला की अख्खं वर्ष पुढे जातं, आणि त्या वर्षाची फी परत कर्जातच. तिकिटाचे पैसे लग्नालाच कामी येतील. हे मी ताईला सांगितलं; ती "असू दे" म्हणाली आणि लगेच विषय बदलला. कानपिळीला काकांचा पोरगा उभा राहू दे. त्याला म्हणावं, दाजींचा कान नीट पिळ, माझ्या वाटचाही. मी व्हिडिओ लावून बसेन, इथे तेव्हा रात्रच असेल, कामाचा खोळंबा नाही.

माझ्यासाठी स्थळं बघणं मात्र इतक्यात नको. आईने मावशीला तसं स्पष्ट सांगावं, फोटो पाठवू नयेत.

घरात उरलेला कापूस लग्नासाठी म्हणून पडेल त्या भावाने विकू नका. पगारातले साठलेले ५०,००० रुपये आईच्या खात्यावर पाठवतोय, बस्त्याच्या आधी पोचतील. मे अखेरीस आणखी ३०,००० जमतील. ते दागिन्यात घालू नका, बँकेच्या हप्त्याला ठेवा. गहाण आहे तो विहिरीकडचा तुकडा आधी सुटला पाहिजे. काकांकडून उसने घेऊ नका, विचारले तरी नको. पासबुक भरून आणलं की ताईला फोटो पाठवायला सांगा, म्हणजे रक्कम जुळवता येईल.

तुमचा,
लहाना