किनाऱ्यावर बंगले वाढले, विहिरी मात्र त्याच

महोदय,

2020 मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो, म्हणजे गाड्याही वाहून नेणारी बोट, सुरू झाली आणि मुंबईकरांना गाडीसकट अलिबाग गाठणे सोपे झाले. किहीमपासून रेवदंड्यापर्यंत सुट्टीच्या घरांचे स्वरूपही बदलत गेले आहे. पूर्वीचे घर म्हणजे वाडीतले कौलारू घर: पुढे पडवी, मागे मोरी, विहिरीवर रहाट. आता त्या जागी सपाट स्लॅबचा बंगला, खोलीगणिक न्हाणीघर आणि अंगणात तरणतलाव. हौसेला आमचा विरोध नाही. पण खारी हवा आणि गोडे पाणी या दोन गोष्टी विसरून ही घरे बांधली जात आहेत, याची फार काळजी वाटते.

आधी स्लॅबचे. हवेतला क्षार काँक्रीटमध्ये मुरत सळईपर्यंत पोचतो. लोखंडापेक्षा गंज जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आतून दाब येऊन काँक्रीट फुटते. आधी छताला सळईच्या रेषेत तपकिरी डाग दिसतो, मग ठोकल्यावर पोकळ आवाज येतो, शेवटी पोपडा सुटून खाली पडतो. म्हणूनच आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटसाठी किमान एम-30 प्रत (ताकदीची प्रतवारी) आणि सळईवर 45 मिलिमीटर काँक्रीटचे आवरण सांगितले आहे. प्रत्यक्षात शहरातल्या सवयीने सळईखाली 20 मिलिमीटरचेच ठोकळे लावून स्लॅब ओतला जातो, आणि वाळू किंवा पाणी खारे असेल तर गंजाचे बी पहिल्या दिवशीच पेरले जाते. नुसता गिलावा मारून हे दुखणे जात नाही, क्षार आतच राहतो. सळईच्या मागपर्यंत फोडून, गंज पूर्ण घासून काढून, झिजलेल्या सळईला जोड देऊनच पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा मसाला) भरावे लागते.

कौलांचे गणित वेगळे. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे मंगलोरी कौले लागतात आणि एक फुटले तर एकच बदलायचे. मे महिन्यात कौले परतायची, पालापाचोळा काढायचा, रिपांना वाळवी लागली आहे का ते पाहायचे. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात कौले आणि पत्रे उडाले, हे खरेच. त्यावर उपाय आहे: वासे भिंतीवरच्या पाटाला (आडव्या लाकडाला) लोखंडी पट्टीने जखडावेत, कडेच्या दोन ओळी तारेने बांधाव्यात, आढ्यावरची कौले मसाल्यात बसवावीत. बंद राहणाऱ्या घरात कौलांच्या फटींतून हवा खेळते, हा फायदा वेगळाच. स्लॅबच्या बंद बंगल्यात गाद्यांना बुरशी येते ती कोंडलेल्या दमटपणामुळे.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. किनाऱ्यालगतच्या वाळूत पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी 1 फूट खाली गेली, की खालची खारी सीमा हळूहळू सुमारे 40 फूट वर सरकू शकते. उथळ विहिरीवरचा रहाट वरवरचे पाणी काढत असे आणि मोरीचे पाणी केळीच्या आळ्यात जाऊन पुन्हा जमिनीत मुरत असे. बोअरवेल थेट खाऱ्या थराला तोंड फोडते. 20 बाय 12 फुटांचा, 4 फूट खोल तरणतलाव एकदा भरायला सुमारे 27 हजार लिटर पाणी लागते. मेमध्ये असा उपसा झाला की शेजारच्या नारळी-पोफळीच्या वाडीला खारे पाणी शिंपावे लागते. पोफळीला ते मुळीच सोसत नाही.

तेव्हा बांधकाम परवानगीबरोबर विहिरीच्या पाण्याची क्षारतपासणी, बोअरऐवजी उथळ विहीर, छताच्या पागोळ्या शोषखड्ड्यात सोडणे आणि तलाव टँकरच्या पाण्याने भरणार असल्यास ते पाणी कुठून येणार याचा लेखी तपशील ग्रामपंचायतींनी मागावा. तपासणी मेमध्येच व्हावी. खारावलेल्या विहिरीचे पाणीही पावसामुळे ऑगस्टमध्ये गोड लागते.

– किनारपट्टीवर घरदुरुस्तीची कामे करणारे काही वाचक, ता. अलिबाग