पंपिंग कमी असलेल्यांनी दुसऱ्या चिठ्ठ्याही तपासाव्यात

मा. संपादक,
स. न.

हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमी पडणाऱ्या, रुग्णाला हृदयरोगतज्ज्ञ जपूनच औषधं लिहितात. घोळ होतो तो गुडघ्याच्या, साखरेच्या आणि त्वचेच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांत, आणि त्याहून जास्त चिठ्ठीशिवायच्या खरेदीत.

पहिला नंबर वेदनाशामकांचा: डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नेप्रॉक्सेन, एटोरिकॉक्सिब. मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळणारी प्रोस्टाग्लँडिन्स या गोळ्यांमुळे कमी होतात. मग अंगात मीठ-पाणी साठतं आणि फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइडचा, म्हणजे लघवीच्या गोळीचा, जोर ओसरतो. सोबत रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची आणि हृदयाची गोळी असेल तर रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडावरच्या ताणाची खूण) आणि पोटॅशियमही चढतं. सूज वाढली म्हणून लघवीच्या गोळीचा डोस वाढवला जातो आणि गुडघ्याची गोळी तशीच चालू राहते! दुखण्यावर साधी पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून घ्यावी. पाण्यात फसफसणारी मात्र नको, तिच्या एका गोळीत ४०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं.

दुसरं पायोग्लिटाझोन, हे साखरेचं औषध. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून २०१३ मध्ये सरकारने त्याची विक्री थांबवली होती, पण काही आठवड्यांतच ते इशाऱ्यांसह बाजारात परतलं. ते पाणी साठवतं, म्हणून हार्ट फेल्युअरमध्ये टाळायचं. अडचण अशी की ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनबरोबर ते एकाच गोळीत बसवलेलं असतं आणि घरच्यांच्या लेखी ती ‘साखरेची जुनीच गोळी’ असते. सॅक्साग्लिप्टिन या साखरेच्या गोळीबाबतही अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये हार्ट फेल्युअरचा इशारा दिला आहे. उलट डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या साखरेच्याच गोळ्या हृदयाला उपयोगी पडतात. बदल करायचा तर मधुमेहाच्या डॉक्टरांनी ‘टूडी इको’चा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट बघावा.

त्या रिपोर्टवरचा ईएफचा आकडा, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो, आणखी एका ठिकाणी निर्णायक ठरतो. तो ४० टक्के किंवा कमी असेल तर डिल्टियाझेम आणि वेरापामिल ही रक्तदाबाची आणि ठोक्यांची औषधं नको, कारण ती हृदयाचं आकुंचन आणखी कमी करतात. मेटोप्रोलॉलसारख्या बीटा ब्लॉकरसोबत (ठोके मंद करणाऱ्या हृदयाच्या गोळीसोबत) नाडीही फार मंदावू शकते. रक्तदाबाचं अॅम्लोडिपिन या यादीत नाही, पण त्याने घोटे सुजतात आणि ती सूज हृदयाची समजून उपचार होतात. नसांच्या दुखण्यावरच्या प्रीगॅबालिननेही सूज येते. पायाच्या रक्तवाहिन्यांसाठी दिलं जाणारं सिलोस्टाझोल मात्र ईएफ कितीही असो, वर्ज्यच. नायट्यासाठी आठवडेच्या आठवडे दिलं जाणारं इट्राकोनाझोल हृदयाचा जोर कमी करू शकतं, हे त्वचेच्या डॉक्टरांना आठवण करून द्यावं लागतं.

स्वयंपाकघरही तपासा. अॅसिडिटीला घेतलेल्या एक ग्रॅम खाण्याच्या सोड्यात सुमारे २७० मिलिग्रॅम सोडियम जातं. ‘लो सोडियम’ मिठात बहुधा पोटॅशियम असतं, स्पायरोनोलॅक्टोन ही पोटॅशियम राखून ठेवणारी लघवीची गोळी घेणाऱ्याला ते धोक्याचं. ज्येष्ठमधाचा रोजचा काढा पाणी साठवतो आणि पोटॅशियम घटवतो.

तपासायचं कसं? घरातल्या सगळ्या स्ट्रिप एकत्र मांडा आणि ब्रँड सोडून घटकांची बारीक ओळ वाचा. नावामागचं ‘पी’ वेदनाशामकात पॅरासिटामॉलचं असतं, साखरेच्या गोळीत अनेकदा पायोग्लिटाझोनचं. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडवर क्यूआर कोड बंधनकारक आहे, तो स्कॅन केला की मूळ नाव दिसतं. शंका आली तर फोटो काढून डॉक्टरांना पाठवा, चिठ्ठीतली गोळी परस्पर बंद करू नका. बीटा ब्लॉकर अचानक थांबवणं फार वाईट. रोज सकाळी लघवी करून, काही खाण्याआधी वजन करा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर डॉक्टरांना लगेच कळवा आणि नुकतंच कोणतं नवं औषध सुरू झालं तेही सांगा.

आमची मागणी दोनच गोष्टींची आहे. डिस्चार्ज कार्डाच्या माथ्यावर ‘हार्ट फेल्युअर, ईएफ अमुक टक्के’ असं ठळक लिहावं आणि खाली टाळायच्या औषधांची मूळ नावं असावीत. आणि केमिस्टने वेदनाशामक देताना ‘हार्टचं पंपिंग कमी आहे का?’ एवढं विचारावं.

— दोन क्लिनिकल फार्मासिस्ट, पुणे