आरटीओच्या परवाना शाखेतल्या मॅडमना जाहीर पत्र

मॅडम,

सादर नमस्कार. आईनं पाठवलेली संत्रा बर्फी तुम्ही डब्यासकट परत केली, म्हणून हे पत्र लिहिते आहे. हे तरी परत करता येणार नाही. तुमचं नाव मुद्दाम घेत नाही. घेतलं, तर उद्यापासून नागपुरातले सगळे ऑटोवाले तुमच्याच खिडकीशी रांग लावतील आणि बाजूच्या खिडकीतले साहेब निवांत चहा पीत बसतील. (ते तसेही बसतात.)

बाबा गेले तेव्हा ऑटोचं परमिट त्यांच्या नावावर होतं. तेरवी आटोपली आणि दारात दलाल हजर. "परमिट माणसासंगं गेलं, आता नवीनच काढा लागते," म्हणाला आणि असा आकडा सांगितला की आई पाटल्या मोडायची भाषा करू लागली. धाकट्या भावाकडे लायसन्स होतं, बॅज होता, पण ऑटो कडुनिंबाखाली ताडपत्री घालून उभा. घरात कमावती गाडी तेवढी एकच.

आमचं रडगाणं सुरू व्हायच्या आत तुम्ही मृत्यूची तारीख विचारली आणि बोटांवर दिवस मोजले. "३० दिवस व्हायचे आहेत ना अजून? मग गाडी उभी काऊन ठेवली?" मग मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ८२ आईला कळेल अशा भाषेत सांगितलं. परमिटधारक वारला, तर गाडी ज्याच्या ताब्यात येते त्याला ३ महिने तेच परमिट वापरता येतं. त्यासाठी मृत्यू झाल्याचं आणि परमिट आपण वापरणार असल्याचं ३० दिवसांच्या आत कार्यालयाला कळवायचं. परमिट नावावर करून घ्यायचा अर्जही त्याच ३ महिन्यांत करायचा. तुम्ही साध्या कागदावर आईचा अर्ज लिहून घेतलात, दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का मारलात. "ही पोच गाडीतच ठेवा. कोणी अडवलं तर दाखवा."

सरकारी कामात त्रुटी निघतात, त्याचं काही नाही. पण त्या एकेक करून निघतात. आज फोटो कमी, मग सही चुकीच्या जागी, मग नोटरीचा शिक्का पुसट. रोज कमावून रोज खाणाऱ्याचा प्रत्येक हेलपाटा म्हणजे बुडालेला धंदा, आणि दलाल जगतो तो याच हेलपाट्यांवर. तुम्ही मात्र आमच्याच एका झेरॉक्सच्या पाठीवर सगळं एका दमात लिहून दिलंत: आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) आईच्या नावावर करायला फॉर्म ३१, विम्यावरचं नाव, बाकी वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र, थकलेली ई-चलानं. सगळ्यात खाली, दोनदा रेघ ओढून, 'नावाचं बघा'. मृत्यू दाखल्यात बाबांच्या नावापुढे 'राव' लागलं होतं, आरसीवर नुसतं नाव. तेवढ्यासाठी तुम्ही फाईल पुढे सरकू दिली नाहीत. आई काकुळतीला येऊन म्हणाली, "माणूस तर एकच ना, बाई." तुम्ही म्हणालात, "मले माहीत आहे. कागदाले माहीत नाही."

तेव्हा मला तुमचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण त्या एका फेरीनंतर फाईल कुठेच अडली नाही.

परमिट आईच्या हातात देताना तुम्ही मान वर न करताच बजावलंत, की नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान १५ दिवस आधी टाका आणि त्याच्यासाठी कोणाले पैसे देऊ नका.

भाऊ आता मेडिकल चौकातल्या स्टँडवर असतो. तिथं कोणाच्या घरी असा प्रसंग आला की तुमच्या हातचा तो कागद फिरतो. पार विरला, म्हणून त्याचीही झेरॉक्स काढून ठेवली आहे. तो दलाल भावावर चिडून आहे. चिडू दे.

आपली,
ऑटोवाल्या बाबांची मोठी लेक, नागपूर