टर्बो इंजिनाचा स्ट्रोक वाढवावा का?

संपादक महोदय,

टर्बो (एक्झॉस्टच्या वायूंवर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) असलेल्या पेट्रोल गाड्या मुंबईत आता मोजक्या हौशी लोकांपुरत्या राहिलेल्या नाहीत, आणि त्यांतल्या जुन्या गाड्यांच्या मालकांना इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे सिलिंडरमधला पिस्टनचा खालीवर प्रवास, वाढवून घेण्याचा सल्ला गॅरेजमध्ये दिला जाताना माझ्या कानावर वारंवार येतो. पिस्टनची खालीवर हालचाल गोल फिरतीत बदलणाऱ्या मूळ क्रँकशाफ्टच्या जागी पिस्टनचा प्रवास लांबवणारा क्रँक बसवायचा आणि सिलिंडरचा व्यास न वाढवता इंजिनाची घनक्षमता वाढवायची, असे हे काम आहे. त्याला माझा सरसकट विरोध नाही. मात्र ग्राहकाला त्याची एकच बाजू सांगितली जाते, म्हणून हे पत्र.

उदाहरणादाखल पहिल्या ऑक्टाव्हिया आरएसमधून आपल्याकडे आलेले 1.8 लिटरचे टर्बो इंजिन घेऊ. त्याचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 81 मिलिमीटर, स्ट्रोक 86.4 मिलिमीटर आणि घनक्षमता 1781 सीसी आहे. त्यात 92.8 मिलिमीटर स्ट्रोकचा क्रँक बसवला, तर बोअरला हात न लावता 1913 सीसी मिळतात, म्हणजे सुमारे सात टक्के वाढ होते. केवळ सात टक्क्यांसाठी इंजिन उतरवून, पूर्ण सुटे करून नवे क्रँक, पिस्टन आणि बहुधा पिस्टनला क्रँकशी जोडणारे रॉडही घालायचे का, हा पहिला प्रश्न आहे. याच इंजिनाचा बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब, 0.7 बारवरून 0.9 बारवर नेला, तर वातावरणाचा दाब धरून एकूण दाब 1.7 वरून 1.9 बार होतो आणि हवा त्याच प्रमाणात वाढली, तर सुमारे बारा टक्के वाढ काही तासांच्या मॅपिंगमध्ये (इंजिनाच्या संगणकाच्या फेरजुळणीत) पदरात पडते. अर्थात त्याबरोबर उष्णता आणि सिलिंडरमधला दाबही वाढतो, हे विसरता येत नाही.

तरीही या हिशेबात स्ट्रोकवर थोडा अन्याय होतो, आणि तो मुंबईच्या रस्त्यांवर विशेष जाणवतो. बूस्ट कितीही वाढवला, तरी टर्बो फिरू लागेपर्यंत त्याचा उपयोग शून्य असतो. सायनच्या सिग्नलपासून पुढच्या सिग्नलपर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये सरकणारी गाडी बहुतेक वेळ त्या पातळीच्या खालीच असते. वाढलेली घनक्षमता मात्र इंजिनाच्या पहिल्या फेऱ्यापासून कामाला येते, शिवाय एक्झॉस्टमधून जास्त वायू गेल्याने टर्बोही लवकर जागा होतो. ज्यांनी मोठा टर्बो आधीच बसवला आहे आणि खालच्या फेऱ्यांवर पिकअप हरवल्याची ज्यांची तक्रार आहे, त्यांना स्ट्रोक वाढवल्याचा खरा फायदा होतो. मूळचा छोटा टर्बो तसाच ठेवला, तर वरच्या फेऱ्यांवर त्याची दमछाक होते, एक्झॉस्टमध्ये उलटा दाब साचतो आणि खाली कमावलेले वर गमावले जाते.

आता इंजिनाच्या प्रकृतीकडे वळतो. मिनिटाला 6500 फेऱ्यांवर या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 18.7 मीटर असतो, तो 20.1 मीटर होतो. मूळ 144 मिलिमीटरचा रॉड ठेवला, तर रॉडची लांबी आणि स्ट्रोक यांचे गुणोत्तर 1.67 वरून 1.55 वर येते, रॉड जास्त तिरका होतो आणि पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर अधिक जोराने दाबला जातो. पिस्टनची पिन 3.2 मिलिमीटर वर सरकवावी लागते, त्यामुळे रिंगांसाठी जागा कमी उरते. सगळ्यांत महत्त्वाची बाब कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते त्याची, आहे. मूळ प्रमाण 9.5 असेल आणि पिस्टनच्या माथ्यावरचा खळगा तोच ठेवला, तर ते 10.1 च्या पुढे जाते. टर्बो इंजिनात एवढी वाढ नॉकिंगला, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून होणाऱ्या ठोक्यांना, आमंत्रण ठरते आणि नॉकिंगने पिस्टन फुटतो. नॉकिंगला अधिक दाद न देणारे शंभर ऑक्टेनचे पेट्रोल 2020 पासून निवडक पंपांवर मिळते, पण रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीत ते कोण भरत राहणार?

कायद्याचा उल्लेख तर गॅरेजमध्ये कोणी करतच नाही. घनक्षमतेची नोंद आरसीमध्ये असते आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीतील तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली आहे. तृतीय पक्ष विम्याचा हप्ताही घनक्षमतेच्या टप्प्यांवर ठरतो. 1498 सीसीचे इंजिन 1500 च्या पुढे नेणारा मालक नकळत वरच्या टप्प्यात जातो, आणि अपघातानंतर विमा कंपनीने इंजिन तपासले तर काय होईल, याचा विचार त्याने आधीच केलेला बरा.

माझे मत असे की बेअरिंग गेल्यामुळे किंवा पिस्टन फुटल्यामुळे इंजिन उघडावेच लागले असेल, टर्बो मोठा असेल आणि गाडी केवळ शर्यतीच्या ट्रॅकवर धावणार असेल, तर स्ट्रोक वाढवणे योग्य आहे. रस्त्यावरच्या धडधाकट इंजिनाला ते करू नये. ज्यांना करायचेच आहे त्यांनी कुर्ल्याच्या भंगारातून आणलेला क्रँक तडे तपासल्याशिवाय आणि बॅलन्सिंग केल्याशिवाय स्वीकारू नये, रॉड ब्लॉकला घासत नाही ना हे इंजिन हाताने फिरवून स्वतःसमोर पाहावे, आणि नव्या कॉम्प्रेशनचा आकडा गॅरेजकडून लेखी घ्यावा. जो मिस्त्री हा आकडा देऊ शकत नाही, त्याच्याकडे इंजिन उघडायला देऊ नये.

आपला,
इंजिन-बांधणीच्या व्यवसायातील एक वाचक, दादर, मुंबई