तक्रार: अपडेटनंतर दर तासाला तुटणारं वायफाय, आणि न सुटताच बंद होणारी तिकिटं

प्रति,
ग्राहक सेवा विभाग
(आणि कृपया हे पत्र फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, बनवणाऱ्या टीमपर्यंत पोचवा, चॅटवर बसणाऱ्या मुलांवर माझा राग नाहीये)

नमस्कार,

तुमचा राउटर घेतल्यापासून व्यवस्थित चालत होता, एवढा की तो घरात आहे हेच विसरायला झालं होतं. मग एका रात्री त्याने आपोआप नवीन फर्मवेअर घेतलं आणि तेव्हापासून घरातलं वायफाय दर तासाला तुटतंय. सगळ्यांचं नाही. माझा फोन आणि नवीन लॅपटॉप ठीक चालतात, पण आईच्या खोलीतला कॅमेरा, स्मार्ट प्लग, जुना लॅपटॉप आणि प्रिंटर ही सगळी वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवरची मंडळी एकतर बाहेर फेकली जातात किंवा जोडलेली दिसतात पण कामाची राहत नाहीत. तुमच्याकडे याची तिकिटं, म्हणजे तक्रारीच्या नोंदी, आहेत आणि प्रत्येक तिकीट "समस्या सुटली" असं लिहून बंद केलंय. समस्या सुटलेली नाही. ती का सुटत नाही आणि तरी तुम्हाला सुटल्यासारखी का वाटते तेच सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी मला सांगितलं गेलं की तुमच्या इंटरनेट कंपनीची लाइन खराब असेल. म्हणून मी एक लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडला आणि जुना लॅपटॉप वायफायवर ठेवला, दोन्हीवरून राउटरच्याच पत्त्याला, म्हणजे १९२.१६८.१.१ ला, पिंग, म्हणजे हाक देऊन उत्तर येतं का ते बघणारी चाचणी, सतत चालू ठेवलं. केबलवाल्यात एकही पिंग चुकलं नाही. वायफायवाल्यात तासाने एकदम खंड पडला. बाहेरच्या लाइनचा इथे संबंधच येत नाही, कारण पिंग घराबाहेर जातच नाहीये, ते राउटरपर्यंत जाऊन परत येतंय. हे मी चॅटवर सांगितलं तर उत्तर आलं की आसपास खूप वायफाय असतील, चॅनल बदलून बघा. ठीक आहे, बदलला. २.४ वर १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांवर चढत नाहीत म्हणून ते तिन्ही पाळीपाळीने लावून पाहिले, चॅनलची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झवर आणली, काही फरक नाही. मग म्हणे सिग्नल कमी पडत असेल, एक्स्टेंडर घ्या. प्रिंटरच्या जागी सिग्नल उणे ४८ डीबीएम आहे (हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला). उणे ७० च्या खाली गेला असता तर मीच म्हटलं असतं की लांब पडतंय, उणे ४८ ला एक्स्टेंडर विकत घ्यायला सांगणं बरोबर नाही हो.

आणि मायक्रोवेव्ह, ब्लूटूथ, शेजारच्यांचं वायफाय यांचा अडथळा खरा असतो हे मलाही माहिती आहे, पण असा अडथळा वेळीअवेळी येतो, कधी दुपारी कधी रात्री, कधी दोन मिनिटं कधी अर्धा तास. तो घड्याळ लावून दर तासाला येत नाही. माझ्याकडे तुटण्याची वेळ इतकी नेमकी आहे की मी आधी सांगू शकते कॅमेरा किती वाजता जाणार. तेव्हाच मला वाटलं की हे हवेतलं काही नाही, राउटरच्या आतलं कुठलंतरी टायमर आहे.

आता मुख्य गोष्ट, ही कृपया नीट वाचा. राउटर रीस्टार्ट केला की तुटण्याची वेळही सरकते. सव्वादहाला रीस्टार्ट केला तर सव्वाअकराला तुटतं, मग सव्वाबाराला. दहा चाळीसला केला तर अकरा चाळीसला. म्हणजे मोजणी राउटर चालू झाल्यापासून सुरू होते. तुमचा माणूस मला पहिल्यांदा काय सांगतो? रीस्टार्ट करा. मी करते, सगळं लगेच जोडलं जातं, तो विचारतो आता चालतंय का, मी म्हणते आत्ता चालतंय पण तासाने, तोवर त्याने आभार मानून चॅट संपवलेलं असतं आणि तिकीट बंद. प्रत्येक रीस्टार्ट एक तास उसना देतो आणि त्या तासातच तुमच्या नोंदीत माझी तक्रार सुटते. माझ्यासारखे आणखी किती लोक तुमच्या यादीत "सुटले" म्हणून पडले असतील याचा जरा विचार करा, कारण प्रत्येकजण तासभर पिंग लावून बसत नाही, लोक वैतागून कॅमेऱ्याला किंवा प्रिंटरला दोष देतात आणि नवीन घेतात.

मग मी राउटरचाच सिस्टम लॉग काढला. तुटण्याच्या त्याच मिनिटाला कॅमेरा, प्लग आणि जुना लॅपटॉप तिघांच्या नावापुढे डीऑथेंटिकेट (म्हणजे राउटरने बाहेर काढलं), रीझन १६ असं आहे. १६ म्हणजे ग्रुप की हँडशेक टाइमआउट, सामाईक किल्ली देण्याघेण्यात उपकरणाचं उत्तर वेळेत आलं नाही. हा कोड वायफायच्या स्टँडर्डमधलाच आहे, मी मनाने लावलेला अर्थ नाही. जुन्या लॅपटॉपवर नेटश डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट ही कमांड चालवून विंडोजचा रिपोर्टही काढलाय, त्यातही डिस्कनेक्टची वेळ मिनिटाला मिनिट जुळते. बॅटरी वाचवायला वायफाय कार्ड बंद करायची जी टिक असते ती काढून, ड्रायव्हर अपडेट करून, नेटवर्क फरगेट करून परत जोडून, सगळं करून झालंय, त्यामुळे ते परत करायला सांगू नका.

चॅटवरच्या व्यक्तीला ग्रुप की काय हे माहीत नव्हतं म्हणून इथे थोडक्यात लिहिते. प्रत्येक उपकरणाची राउटरशी स्वतःची वेगळी की, म्हणजे गुप्त किल्ली, असते, आणि सगळ्यांना एकदम ऐकवायच्या गोष्टींसाठी, म्हणजे ब्रॉडकास्ट आणि मल्टिकास्टसाठी, एक सामाईक की असते. राउटर ही सामाईक की ठरावीक वेळाने बदलतो, कितीतरी राउटरमध्ये तो आकडा ३६०० सेकंद असतो, म्हणजे बरोबर एक तास. बदलताना तो प्रत्येकाला नवीन की पाठवतो आणि पोचपावतीची वाट बघतो, पावती नाही आली तर परत पाठवतो, तरी नाही आली तर त्या उपकरणाला काढून टाकतो. सामाईक दाराचं कुलूप बदललं आणि नवीन किल्ली सगळ्यांना वाटली, असंच हे. छोटी उपकरणं वीज वाचवायला मधूनमधून झोपतात, राउटरने त्यांच्यासाठीचा निरोप धरून ठेवायचा असतो आणि ती जागी झाली की द्यायचा असतो. माझ्या मते नव्या फर्मवेअरमध्ये राउटर पुरेसा थांबतच नाही, फोनसारखी चटकन उत्तर देणारी उपकरणं वाचतात आणि झोपाळू उपकरणं जातात. नेमकं काय बिघडलंय ते तुमचे इंजिनिअर सांगतील, पण बिघाड याच जागी आहे हे तुमचाच लॉग सांगतोय.

प्रिंटरचं तर याहून वाईट, कारण तो बाहेर फेकला जात नाही. त्याचा वायफायचा दिवा चालू, त्याच्या स्क्रीनवर कनेक्टेड, त्यातूनच नेटवर्क टेस्ट केली तर पास, आणि लॅपटॉपवर मात्र प्रिंटर ऑफलाइन. पिंग केलं तर डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल. मला वाटायचं प्रिंटर गेला आता. मग लक्षात आलं की हा मेसेज माझ्याच लॅपटॉपच्या पत्त्यावरून येतोय, म्हणजे लॅपटॉपला प्रिंटरचा मॅक अॅड्रेसच, त्या उपकरणाचा स्वतःचा हार्डवेअर पत्ताच, सापडत नाहीये. तो शोधायची हाक, एआरपी, ब्रॉडकास्टने जाते, आणि प्रिंटर शोधण्याचं बाकी कामही मल्टिकास्टवर चालतं. पावती देऊनही नवीन सामाईक की नीट न बसलेल्या प्रिंटरला ही हाक ऐकूच येणार नाही, तो स्वतः मात्र बाहेर बोलू शकतो, म्हणून त्याची टेस्ट पास होते. हे खरं आहे का बघायला मी लॅपटॉपवर आर्प -एस या कमांडने प्रिंटरचा मॅक अॅड्रेस हाताने लिहून ठेवला आणि लगेच पिंग चालू झालं, पानही छापलं गेलं. ती नोंद काढली की परत ऑफलाइन. प्रिंटर त्याच जागी, त्याच सिग्नलवर, त्याला मी हातसुद्धा लावला नाही. यापेक्षा स्पष्ट पुरावा मी घरी बसून काय देऊ?

तुमच्या सीनिअर एक्झिक्युटिव्हनी शेवटी लिहून दिलं की आपली उपकरणं जुनी आहेत. त्याचंही उत्तर देते. मी माझा आधीचा राउटर काढला, त्याला तेच नाव, तोच पासवर्ड दिला, त्याच जागेवर ठेवला, ग्रुप कीची वेळ ३६०० सेकंदच ठेवली. एकही उपकरण तुटलं नाही, रात्रभर नाही. हीच उपकरणं तुमच्या राउटरवरसुद्धा जुन्या फर्मवेअरला नीट चालत होती. उपकरणं तीच, घर तेच, बदललंय फक्त तुमचं अपडेट. अपडेटने वायफायची सिक्युरिटी आपोआप डब्ल्यूपीए २ आणि ३ (सुरक्षेची जुनी आणि नवी पद्धत) मिश्र करून टाकली होती, मला वाटलं त्याने असेल, म्हणून नुसती डब्ल्यूपीए २ करून पाहिली, तरीही तसंच.

अपडेटच देऊ नका असं मी म्हणत नाहीये. २०१७ मध्ये क्रॅक नावाचा वायफायचा सुरक्षादोष संशोधक मॅथी व्हॅनहूफ यांनी दाखवला तो याच हँडशेकमधला होता, त्यात ग्रुप कीचा हँडशेकही होता, आणि तेव्हा ज्यांनी पटापट पॅच दिले त्यांचं कौतुकच आहे. सुरक्षेचं अपडेट आलंच पाहिजे. पण अपडेट देताना काय बदललं ते सांगा ना. तुमच्या नोटमध्ये फक्त "स्थिरता सुधारली" एवढं एक वाक्य आहे. त्याच अपडेटने ग्रुप की किती वेळाने बदलायची ती सेटिंग गायब झाली, २.४ आणि ५ ची नावं वेगळी ठेवायची सोयही गेली, आणि जुन्या फर्मवेअरवर परत जायला गेलं तर "ही आवृत्ती स्वीकारता येत नाही" म्हणून नकार मिळतो. म्हणजे बिघाड तुम्ही पाठवला आणि तो टाळायचे माझ्या हातातले सगळे मार्गही काढून घेतले, याचा मला सगळ्यात जास्त त्रास झालाय.

आणि फॅक्टरी रीसेट. तो सांगताना तुमच्या माणसाला एक वाक्य लागतं, मला अख्खी संध्याकाळ लागते. प्रत्येक प्लगचं बटण दाबून धरा, अॅप उघडा, काही अॅप फोन ५ गिगाहर्ट्झवर असला तर पुढे जातच नाहीत आणि आता दोन्हीचं नाव एकच असल्यामुळे फोनला २.४ वर ढकलायला घराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभं राहावं लागतं. एवढं करून तासाने तेच. कॅमेरा तुटला की परत जोडला जायला काही मिनिटं जातात, आई एकटी असताना ती मिनिटं मला काय वाटतात ते मी चॅटवर लिहिलं होतं, त्यावर मला रीसेटची लिंक आली.

मला आता हे हवंय. एक तर माझ्या मॉडेलसाठी आधीचं फर्मवेअर परत टाकायची परवानगी द्या, आजच, दुरुस्ती यायची तेव्हा येवो. ते अगदीच शक्य नसेल तर ग्रुप कीच्या वेळेची सेटिंग परत आणा, मी ३६०० च्या जागी ८६४०० टाकेन म्हणजे दिवसातून एकदाच त्रास होईल आणि तो मी पहाटेच्या वेळेला लावून घेईन, हा इलाज नाही पण तोवर निभेल. दोन बँडची नावं वेगळी करायची सोय परत द्या. फर्मवेअर टीमकडून लेखी उत्तर हवं की रीझन १६ त्यांनी तपासला का आणि दुरुस्ती कुठल्या आवृत्तीत येणार. आणि माझं तिकीट परत उघडा, रीस्टार्टनंतर निदान दोन तास गेल्याशिवाय आणि मी हो म्हटल्याशिवाय ते बंद करू नका. हा शेवटचा नियम सगळ्याच ग्राहकांसाठी केलात तर फार बरं होईल.

सोबत राउटरचा सिस्टम लॉग, केबल आणि वायफाय दोन्हीकडच्या पिंगच्या फाइल, विंडोजचा रिपोर्ट आणि प्रिंटरच्या चाचणीचे आधीचे-नंतरचे स्क्रीनशॉट जोडलेत. लॉगमध्ये रीझन १६ च्या ओळी पिवळ्या केल्यात. राउटर सध्या काढून ठेवलाय, पण तुमच्या इंजिनिअरला आणखी काही चाचणी करून हवी असेल तर मी तो लावून देईन, फक्त आदल्या दिवशी कळवा म्हणजे त्या वेळेला आईजवळ कुणीतरी थांबेल.

कळावे,
तुमची ग्राहक